लग्नापुरता उतरवलेला बावटा

१३ जानेवारी २०२५, सोमवार

माझ्यासोबत राहणाऱ्या साक्षीने नाताळात दिलेली ही वही आजपर्यंत प्रेसमध्ये पडून होती. (इथल्यासारखं कपाटाला प्रेस म्हणायची सवय मलाही लागली.) आज काढली, कारण ऑफिसात मला फोन उचलण्यापलीकडचं काम मिळालं. आमची कंपनी आयरिश लोकांना उन्हातल्या सुट्ट्या विकते, आणि हिवाळ्यात सगळ्यात जास्त खपतात ते मेक्सिकोचे किनारे. वेबसाइटवर एक पान हवंय : 'मेक्सिकोच्या किनाऱ्यावर पर्यटक किती सुरक्षित?' रोज दहा गिऱ्हाइकं फोनवर हेच विचारतात. ते पान मी लिहायचं.

एमर, माझी मॅनेजर, म्हणाली, "तुला देतेय कारण तू नीटनेटकी आहेस." नोव्हेंबरात रुजू झाल्या झाल्या मी परतलेल्या लोकांचे दोनशे बारा अभिप्राय-फॉर्म दोन दिवसांत निकालात काढले होते, ते तिच्या लक्षात आहे. प्रत्येक फॉर्म एका खान्यात टाकायचा असतो : खोली, जेवण, पोहण्याचा तलाव, कर्मचारी, गाडी, गोंगाट, हवामान, इतर. 'इतर'मध्ये टाकला की तो एमरच्या टेबलावर जातो आणि सोबत अर्धं पान खुलासा लिहावा लागतो. म्हणून तो खाना होईल तितका रिकामा ठेव, असं तिनेच सांगितलं होतं. मी त्यात फक्त दोन ठेवले. ढग, वारा, लाटा असलं सगळं हवामानात. माझ्या आधीच्या मुलाला म्हणे महिना लागायचा.

हे पान मी जीव ओतून लिहिणार आहे. लोक वर्षभर राबून आठ दिवसांची सुट्टी घेतात. त्यांना कोणीतरी खरं सांगायला हवं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नाही. मी पदवी घेऊन इथे डब्लिनला एम.एस्सी. केलं ते नुसतं 'थँक यू फॉर कॉलिंग' म्हणायला नाही.

मलिंगारच्या शोभनाताई आणि त्यांचे डॉक्टर यजमान गौरवदादा यांनी फेब्रुवारीतल्या मिड-टर्मचं (शाळांच्या आठवडाभराच्या सुट्टीचं) बुकिंग माझ्याकडूनच केलंय. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत ओळख झाली होती. ताईंचा पहिला प्रश्न : "गोळीबार वगैरे होत नाही ना गं तिकडे?" मी म्हटलं, "बिनधास्त जा ताई." आता तेच पुराव्यानिशी लिहून दाखवते.

१६ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस वाचतेय. टोळ्या कुठे आहेत, कुठे नाहीत. टॅक्सी हॉटेलमार्फतच घ्यावी. बारमध्ये ग्लास सोडून उठू नये. आठ पानं झाली, ती दोनवर आणायची आहेत.

बाबांना फोन केला. तळकोकणातल्या आमच्या किनाऱ्यावर ते तीस वर्षं शहाळी विकतायत. पानाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "ता सगळा ठीक. पण समुद्र कसो आसा तिथलो?"

"बाबा, लोकांना बंदुकांची भीती वाटते. समुद्राचं कोणी विचारत नाही."

"विचारीत नाहीत म्हणून तर मरतात, बायो. उतार कसो, पाणी ओढता खंय, बावटो लावतात की नाय, ह्यां बघ आधी."

मला चीड आली. मी डब्लिनमध्ये एवढं शिकले ते परत शहाळ्यांच्या गाडीपाशी येऊन उभं राहायला? बाबांच्या गळ्यात कायम एक लोखंडी शिट्टी असायची. ओहोटीला पाणी ओढायला लागलं की ते वाजवत सुटायचे, हातवारे करायचे, ओरडायचे. मी बारा वर्षांची असताना पुण्याचा एक माणूस, मोबाइल डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा, ओरडला होता, "ए शहाळेवाल्या, समुद्र काय तुझ्या बापाचा आहे का?" सगळे हसले. मी गाडीमागे लपले. बाबांनी परत शिट्टी वाजवली.

तरी त्यांच्या समाधानासाठी बावट्यांवर चार ओळी घातल्या. हिरवा, पिवळा, लाल, कशाचा काय अर्थ.

२१ जानेवारी, मंगळवार

एमरला पान आवडलं. म्हणाली, ग्रँड (इथे 'छान'ला हेच म्हणतात). बंदुका, टॅक्सी, बार, सगळं ठेवलं. काढल्या त्या फक्त बावट्यांच्या चार ओळी.

"का?" मी विचारलं.

"अक्षया, बंदुका कोणी बुक करत नाही. समुद्र करतात. फोटोत समुद्र आहे, त्याच्याखाली आपणच 'सांभाळा' लिहायचं?"

मला पटलं नाही, पण मी सोडून दिलं. चारच तर ओळी होत्या, आणि त्याही बाबांच्या.

२२ जानेवारी, बुधवार

किलकेनीहून एका बाईंचा फोन आला, मिसेस ब्रोफी. आवाज अगदी सभ्य. "मी ऑक्टोबरात एक फॉर्म भरला होता. तीन महिने झाले. त्याचं काय झालं एवढंच विचारायचंय."

त्यांचा नवरा मायकेल गावातल्या क्लबात चाळीस वर्षं पोरांना हर्लिंग (इथला काठी-चेंडूचा खेळ) शिकवायचा, धडधाकट माणूस. मेक्सिकोत पॅसिफिककडच्या आमच्या एका हॉटेलसमोर तो गुडघाभर पाण्यात उभा होता. पोहत नव्हता. पॅन्ट दुमडून उभा होता. एक लाट आली, पायाखालची वाळू निसटली आणि तो गेला. हॉटेलच्या दोन माळ्यांनी दोर टाकून ओढून काढला. नऊ दिवस इस्पितळात. आता जिना चढताना दोनदा थांबतो.

"लाल बावटा नव्हता का लावलेला?" मी विचारलं.

"रोज असायचा. त्या दिवशी किनाऱ्यावर लग्न होतं. लग्न असलं की सकाळीच उतरवतात. फोटोत वाईट दिसतो म्हणे. माळ्यानेच सांगितलं मला, रडत होता बिचारा. हे सगळं मी फॉर्मात लिहिलं होतं, बाळ."

मी शब्द दिला की फॉर्म शोधून काढीन. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

त्या हॉटेलचं नाव मी इथे लिहीत नाहीये. माझ्या करारात गोपनीयतेचं कलम आहे. स्वतःच्या वहीतसुद्धा मी ते पाळतेय, याचाच आत्ता संताप येतोय. शोभनाताई त्याच हॉटेलात चालल्यात.

२४ जानेवारी, शुक्रवार

एओविन वादळ. काल संध्याकाळी मोबाइल किंचाळले : लाल इशारा, घराबाहेर पडू नका. शाळा बंद, बस बंद, दुकानं बंद. पहाटेपासून खिडक्या अशा हादरत होत्या की मी आणि साक्षी जिन्याखाली गाद्या टाकून बसलो. एमरचा मेसेज आला, "कोणीही येऊ नका. काम गेलं खड्ड्यात. घरात राहा."

साक्षी विमानतळावर सामानाच्या पट्ट्यांवर कामाला आहे, तीही घरी. चहा करता करता म्हणाली, "काय मस्त देश आहे ना. एक लाल रंग दाखवला की पन्नास लाख माणसं मुकाट घरात."

मी तिच्यावर उगाच डाफरले. मग सॉरी म्हटलं आणि ब्रोफीबाईंची गोष्ट सांगितली. इथे लाल म्हणजे लाल. ह्याच एमरने आज आम्हाला घरात बसवलं आणि परवा माझा लाल बावटा खोडला. आमचा जीव तो जीव, आणि गिऱ्हाइकाचा नुसता फोटो?

२८ जानेवारी, मंगळवार

सापडला. चार तास लागले. ब्रोफीबाईंचा फॉर्म 'हवामान' या खान्यात होता.

हवामान! नवरा बुडता बुडता वाचला, त्यांनी लग्नाचं लिहिलं, बावट्याचं लिहिलं, माळ्याचं नावसुद्धा लिहिलं, आणि कोणा महाभागाने ते सगळं ढगाळ आकाशाच्या तक्रारींमध्ये ढकलून दिलं. वाचलं तरी होतं का? की 'लाट' हा एक शब्द दिसला आणि माउस हलवला? त्याच खान्यात त्याच हॉटेलचे आणखी तीन निघाले. एका बाईचा हात खांद्यातून निखळला होता. एका बापाने लिहिलंय, मुलगी सहा वर्षांची, केसांना धरून ओढली. चार फॉर्म, सगळ्यांत लग्नाचा दिवस. 'हवामान' खाना कोणीही उघडत नाही, कारण हवामानाचं कंपनी काय करणार!

हे ज्याने केलं त्याला समोर उभं करून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावावी असं वाटतंय.

छापून एमरच्या टेबलावर आपटले. तिने चारही वाचले, सावकाश, आणि चष्मा काढला.

"हे खान्यात कोणी टाकलं, तू पाहिलंस?"

"माझ्या आधीच्या मुलाने, आणखी कोणी!"

तिने चारही फॉर्म पालथे घातले. मग म्हणाली, "मागे जाऊ नकोस, अक्षया. त्यातून तुझ्या हाताला काही लागणार नाही. पुढचं बघ. मी फिंटनशी बोलते." फिंटन म्हणजे आमचा मोठा साहेब. आणि वर म्हणाली, "तुझ्या वर्क परमिटचा अर्ज त्याच्याच सहीला आहे, तेवढं ध्यानात ठेव."

सरळ धमकी! आणि मी या बाईला चांगलं समजत होते.

२ फेब्रुवारी, रविवार

शोभनाताईंकडे मलिंगारला हळदीकुंकू. रथसप्तमी दोन दिवसांवर आलेली, म्हणून घाईने ठेवलेलं. दहा-बारा जणी, तिळाच्या वड्या, वाण म्हणून छोट्या टॉर्च (वादळात तिकडे दोन दिवस वीज नव्हती). बसमध्ये मी वाक्यं पाठ करत गेले होते.

चहाच्या वेळी ताईंना बाजूला घेतलं. "ताई, तिकडे समुद्रात जरा जपून हं."

"अगं आम्ही कसले समुद्रात जातोय! मला पोहता कुठे येतं? नुसते पाय भिजवणार. गुडघ्याच्या वर पाणी नाही."

गुडघा. त्या म्हणाल्या गुडघा. त्यांची नऊ वर्षांची स्वरांगी मध्येच म्हणाली, "आई, आय ॲम इन स्विमिंग लेव्हल फोर. आय'ल बी ग्रँड." गौरवदादा दारातून हसले, "आमची जलपरी. अक्षया, तू एवढंच सांग, टोळीयुद्ध नाही ना? बास, बाकी आपण बघू."

"नाही दादा, टोळीयुद्ध नाही," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. बायका उखाणे घेत होत्या आणि मी कराराच्या कलमाचा विचार करत होते. एमर नुकतीच म्हणालीये मी बोलते, तर दोन दिवस थांबावं. ताई घाबरल्या आणि बोभाटा झाला तर परमिट गेलं. परमिट गेलं तर बाबांना काय सांगू. परतीच्या बसमध्ये टॉर्च लावून-विझवून लावून-विझवून वेडी झाले. शिकून हेच आलं मला? थांबायला आलं?

५ फेब्रुवारी, बुधवार

एमरला विचारलं, फिंटनशी बोलणं झालं का. "झालं. तो म्हणतो मिड-टर्म उरकल्यावर बघू." आणि का ते मी स्वतःच शोधलं. सतरा आणि एकोणीस फेब्रुवारी, त्या हॉटेलच्या किनाऱ्यावर दोन लग्नं. दोन्ही आमच्याच कंपनीने विकलेली! बावटा उतरणार तो आमच्या फोटोंसाठी.

आता मी फिंटनला लेखी देणार. आणि त्यात त्या निष्काळजी माणसाचं नाव घालणार. ओजसला (आमच्या कॉम्प्युटर विभागात आहे, नाशिकचा) सांगितलं, फॉर्म कोणी कुठल्या खान्यात टाकला ते काढून दे. तो म्हणाला, "सोपं आहे, एक लपवलेला रकाना असतो. उद्या देतो. पण तू इतकी का पेटलीयेस?"

"कारण कोणीतरी पेटायला हवं!"

६ फेब्रुवारी, गुरुवार

चारही मीच टाकले होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

काल दिवसभर वही उघडवली नाही.

चौदा नोव्हेंबर, दुपारी चार बावन्न. रकान्यात ए. पी., अक्षया पाटणकर. ब्रोफीबाईंचा फॉर्म आणि त्याच्या पुढचा, यांच्यात चाळीस सेकंदांचं अंतर. चाळीस सेकंदांत मी एका माणसाचं बुडणं ढगांमध्ये टाकलं आणि दुसरा फॉर्म उघडला. मला तो वाचल्याचं आठवतही नाही. आठवतं ते एवढंच की एमरने माझ्या टेबलावर चॉकलेटचा डबा ठेवला होता आणि मी त्याचा फोटो काढून घरी पाठवला होता.

ओजसने छापील कागद हातात दिला आणि आपल्या जागेवर निघून गेला. त्याऐवजी हसला असता तर बरं झालं असतं.

मी, समुद्राकाठची पोर. माझ्या घरी भरती-ओहोटी पाहून जेवणाची वेळ ठरते. लाट म्हणजे हवामान नव्हे, हे मला शेंबड्या वयात माहीत होतं. ते मी मोठ्या मेहनतीने विसरले.

काल फिंटनला पत्र लिहिलं. पहिलं वाक्य : 'हे चार फॉर्म चुकीच्या खान्यात मी टाकले.' मग बाकीचं. त्याचं उत्तर तासाभरात आलं, दोन ओळी : प्रामाणिकपणाबद्दल आभार, हंगाम संपल्यावर आढावा घेऊ. माझ्या चुकीने त्यांची केवढी सोय झाली! तक्रार कधी मिळालीच नव्हती, असं त्यांना आता म्हणता येईल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एमरने आज सूड उगवला. दुपारी माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला. "हे यंत्रात घालून फाडायचेत. घाई नाही. मी चारपर्यंत बाहेर आहे, दार ओढून घेते."

एम.एस्सी. करून कागद फाडायचे! तणतणत यंत्रापाशी गेले, तर सगळ्यात वरचा कागद म्हणजे शनिवारच्या विमानाने त्या हॉटेलात जाणाऱ्यांची यादी. अकरा कुटुंबं, नावं, फोन नंबर. असे खाजगी कागद कोणाच्याही टेबलावर टाकून जायचे, इतका या बाईचा गलथानपणा.

मी फाडला नाही. मीटिंगच्या खोलीत गेले आणि स्वतःच्या मोबाइलवरून एकेकाला फोन लावला. नाव सांगितलं, हॉटेलचं नाव सांगितलं, चार फॉर्म वाचून दाखवले, लग्नाच्या तारखा सांगितल्या. दोघांनी आभार मानले. दोघांनी फोन उचलला नाही. एक बाई रडायला लागली, पैसे परत मिळत नाहीत म्हणून. एकाने विचारलं, मी दुसऱ्या कंपनीची माणूस का. बाकीचे 'हो, हो, ग्रँड' म्हणाले, म्हणजे त्यांनी ऐकलं नाही.

शोभनाताईंचा फोन शेवटी लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे तुला हळदीकुंकवाच्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"माझ्या घरात बसून तू वडी खाल्लीस. माझी पोरगी तुझ्यासमोर उड्या मारत होती. आणि तू म्हणालीस, जपून."

"ताई, मी…"

"ठेव फोन."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी फिंटनने बोलावलं. कोणा गिऱ्हाइकाने फोन केला होता. कामावरून तूर्त दूर, चौकशी होणार, परमिटच्या अर्जावर अर्थातच सही नाही. एमर कोपऱ्यात बसून कागदावर काहीतरी लिहीत होती. भित्री. फिंटनने विचारलं, नंबर कुठून मिळाले? मी म्हटलं, "माझ्या टेबलावर होते." त्याने एमरकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझी चूक. मी तिथे विसरले." निदान चूक कबूल केली.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, नोव्हेंबरचंही. मला वाटलं ओरडतील.

"किती लोकांक सांगितलंस?"

"नऊ जणांना."

"ऐकला कितींनी?"

"दोघांनी. तिघांनी, कदाचित."

"बरा आसा," बाबा म्हणाले. मग विचारलं, "विमान कधी आसा बाकीच्यांचा?"

१५ फेब्रुवारी, शनिवार

आम्ही राहतो त्या स्वोर्ड्सहून विमानतळ बसने दहा मिनिटं. साक्षीने चेक-इनची रांग कुठे लागते ते सांगितलं. "मी तुला ओळखत नाही हं," म्हणाली, आणि स्वतःच्या प्रिंटरवर साठ पानं काढून दिली.

पानावर हॉटेलचं नाव पहिल्या ओळीत. खाली चार गोष्टी, लग्नाच्या दोन तारखा, बावटा का नसेल त्याचं कारण, आणि शेवटी : गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. त्याखाली माझं पूर्ण नाव. बंदुकांबद्दल एक अक्षर नाही.

रांगेत सगळे खुशीत, काहींच्या डोक्यावर आत्ताच टोप्या. मी पानं पुढे केली. कोणी घेतलं, कोणी मान हलवून टाळलं. मग मी बोलायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने, मग इतक्या मोठ्याने की आजूबाजूच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. माझा आवाज एवढा आहे हे मला माहीत नव्हतं. सगळ्यांवरचा राग होता, फिंटनवरचा, एमरवरचा, चार बावन्नच्या माझ्यावरचा.

रांगेच्या मध्यावर शोभनाताई होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गौरवदादा बॅगेचं कुलूप तपासत राहिले. स्वरांगी मात्र आली आणि एक पान घेऊन तिथेच वाचायला लागली, बोट ठेवून, सहा वर्षांच्या मुलीची गोष्ट.

मग ताई रांग सोडून आल्या. "आम्ही खाडीतलं दुसरं हॉटेल घेतलंय," त्या म्हणाल्या. "मला अजून तुझा राग आलेला आहे."

"हो ताई."

"तो जाणार नाही इतक्यात." आणि माझ्या हातातला गठ्ठा ओढून घेतला, निम्मा ठेवला, निम्मा परत दिला. "तू त्या टोकाला जा. मी इकडून घेते."

पिवळ्या जाकिटातला सुरक्षेचा माणूस आला. पान वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला, "मी आता कॉफी आणायला जातो. पाच मिनिटांनी परत आलो की मला तुला बाहेर काढावं लागेल, बघ."

आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) संघाची जर्सी घातलेला एक उंच माणूस बायकोच्या खांद्यावरून ओरडला, "काय गं, अख्खा महासागर तुझ्या मालकीचा आहे का?"

रांग हसली. पुष्कळ जण हसले.

चार मिनिटं उरली होती. पान वर धरलं आणि पहिल्या ओळीपासून, हॉटेलच्या नावापासून, पुन्हा मोठ्याने वाचायला लागले.